दोन नंबरवर चाचा

व्हिडिओ कॉल लागला की चाचा पहिल्यांदा तब्येत विचारत नाहीत. "डोकं कापलंय तुझं," म्हणतात. "फोन जरा वर घे. हां. आता उजवीकडं जागा सोड. तिकडं बघून बोलतेस ना? मग तिकडं जागा नको? नाक भिंतीला टेकलंय बघ." मी मुकाट्यानं फोन इकडं तिकडं करते. फ्रेम मनासारखी झाली की मग, "हां, अब बोल बेटी, कैसी है?" माझ्या उत्तरासाठी मात्र ते थांबत नाहीत, आपलंच बोलत राहतात. त्याचं कारण पुढं येईल. हल्ली ते लेकीकडं अजिंठ्याला असतात आणि तिथल्या लग्नांतले व्हिडिओवाले कसे नालायक आहेत ते मला तपशीलवार सांगतात.

आमचं युनिट म्हणजे लग्न, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, जे म्हणाल ते लाइव्ह दाखवणारं. तीन कॅमेरे, एक क्रेन, दोन मोठे पडदे आणि मंडपाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेली मी. तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रं माझ्यासमोर असतात. त्यातलं कुठलं पडद्यावर जायचं ते मी बटण दाबून ठरवते. ज्याचं चित्र पडद्यावर, त्याच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो. पुढची पाळी ज्याची, त्याला हिरवा. बाकी माझं काम म्हणजे हेडफोनवरून ओरडणं. आई म्हणते, हिला पिशोरच्या बाजारात मिरच्या विकायला बसवलं असतं तरी हिनं एवढाच गळा काढला असता. खोटं कशाला बोलू, माझं तोंड आहेच तसं.

एक नंबरचा कॅमेरा स्टेजसमोर असतो, कधी क्रेनवरही चढतो, तीन नंबरचा खांद्यावर घेऊन फिरायचा. आणि दोन नंबरचा मंडपाच्या मधोमध, लोखंडी मचाणावर. लांबून जवळचं दाखवायचं काम त्याचं. नवरीच्या पापणीवरचं पाणी एवढ्या गर्दीतून कुणी आणून दिलं तर ते दोन नंबरनंच. तिथं चाचा उभे राहायचे. मी युनिटमध्ये आले त्याच्या कितीतरी आधीपासून.

मचाणावर चढण्याआधी चाचांचं एक वेगळंच काम चालायचं. लग्नाला आलेल्यांमधला सगळ्यात उंच माणूस शोधायचा. सापडला की त्याच्याशी ओळख काढायची. "मामा, गाव कुठलं तुमचं? कन्नड? अरे, कन्नडला आपले लई लोक आहेत!" मग पान द्यायचं, शेतातल्या मक्याची चौकशी करायची, आणि गडी खुलला की त्याला हाताला धरून बाजूच्या खुर्चीवर नेऊन बसवायचं. "इथं बसा, इथं पंखा आहे." पंखा कधी असायचा, कधी नसायचा. अक्षतांच्या वेळी फेटा बांधलेला एकच उंच माणूस समोर उभा राहिला की दोन नंबरचा धंदा बसला, म्हणून ही सगळी मोहब्बत. एकदा एका लग्नात तो उंच माणूस म्हणजे खुद्द नवरदेवच निघाला, तेव्हा चाचा हताश होऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "अब इसको कहाँ बिठाऊँ?"

कार्यक्रम संपेपर्यंत चाचा जेवायचे नाहीत. पोट भरलं की श्वास जड होतो, श्वास जड झाला की हात हलतो, आणि लांबच्या शॉटला हात एवढासा हलला तर पडद्यावर हातभर दिसतं, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे आम्ही वरण-बट्टीवर आडवा हात मारायचो आणि हे मचाणावर पाण्याची बाटली घेऊन. घरून चाचीनं नान-खलिया पाठवला असला तरी डबा आमच्याच घशात. शेवटी पंगती उठल्यावर आचाऱ्यांबरोबर बसून गार बट्टी खायचे आणि वर मलाच सांगायचे, "तेरा पेट बोलता है बेटी, हेडफोन में सुनाई देता है."

लाल दिव्याचा तर त्यांना असा वचक की विचारू नका. दिवा लागला की माणूस पुतळा. एकदा वाळूजकडच्या एका लग्नात त्यांच्या भुवईवर गांधीलमाशी बसली. तीन नंबरवाला खालून बघत होता, तो मला हेडफोनवर सांगतोय, "ताई, लवकर कट करा, चाचांना माशी चावती." आता पडद्यावर कन्यादान, शॉट इतका सुंदर, मी दोन क्षण जास्त ठेवला. तेवढ्यात ती चावली. चित्र केसभर हललं नाही. दिवा विझल्यावर मग त्यांनी जी काही दखनी ऐकवली, ती बारा गावांना ऐकू गेली असेल. संध्याकाळी एक डोळा टम्म सुजलेला, आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघत विचारताहेत, "शॉट आया ना पूरा?"

शिकवायची पद्धतही न्यारी. नवीन पोरानं माणसाची फ्रेम गुडघ्यावर नाहीतर कोपरावर कापली की चाचा त्याचा कान धरायचे. "सांध्यावर कसाई कापतो. आपण कसाई आहोत का?" क्रेनवर त्यांचा राग होता. तिला ते झुला म्हणायचे. क्रेनवाला कॅमेरा वर नेऊन नवरा-नवरीची टाळकी दाखवायला लागला की खालून ओरडायचे, "अरे, पाहुणा आला तो छपरावरून बघतो काय लग्न? खाली उतर!"

आता एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मंडपात बँड, डीजे, भटजी सगळं एकदम चालू असतं. कॅमेरामन तोंडानं उत्तर द्यायला लागला तर त्याच्या माइकमधून अख्खा बँड माझ्या कानात शिरतो. म्हणून सगळ्यांचे माइक बंद आणि उत्तर कॅमेऱ्यानंच द्यायचं. हो म्हणायचं तर कॅमेरा वर-खाली हलवायचा, नाही म्हणायचं तर डावी-उजवीकडं. माझ्या समोरच्या चित्रात ती मान हललेली दिसते. अर्थात लाल दिवा नसतानाच. दिवा असताना मान हलवली तर ती सगळ्या गावाला दिसणार. चाचांची ती मान मी हजारात ओळखली असती. मी विनाकारण चिडले की दोन नंबरचं चित्र डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं असं सावकाश हलत राहायचं, मला हसू फुटेपर्यंत.

हे सगळं मी आता सांगतेय, पण तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. चाचांची मान त्या दिवसांत एकाच दिशेनं हलायची. काही विचारा, हो. "चाचा, नवरीची आई दिसते का?" हो. कट करून बघावं तर तिथं मोकळी खुर्ची. "चाचा, बॅटरी बदलायची का?" हो. आणि बदलायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारपण आलं, विसरतात.

मग आलं ते काल्याचं कीर्तन. पिशोरच्या पुढं एका गावात सप्ताह होता. भर दुपार, मंडप माणसांनी फुललेला, बाया पार रस्त्यापर्यंत बसलेल्या, त्यांच्यासाठी बाहेर मोठा पडदा लावलेला. महाराज रंगात आले होते. दोन नंबरवर त्यांचा चेहरा, घामानं डबडबलेला, डोळे मिटलेले. एवढा सुरेख शॉट की मी म्हटलं, हा आता ठेवायचाच. हेडफोनवर सांगितलं, "चाचा, तुमच्यावरच आहे. हलू नका."

आणि चाचांनी मान हलवली. हो म्हणाले.

लाल दिवा लागलेला. पडद्यावर महाराज एकदम खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले, वर आले. बायांमध्ये हसण्याची लाट उठली. महाराजांनी डोळे उघडले, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माउली, भूकंप झाला का काय?" मग काय, सगळा मंडप खदखदला. मी घाईघाईनं तीन नंबरवर गेले. तीन नंबरनं नेमका गर्दीचा शॉट धरलेला, त्यात मागं मचाण दिसत होतं. चाचांनी कॅमेऱ्याचं हँडल सोडून दिलं होतं. दोन्ही हात खाली, आणि समोरच्या लाल दिव्याकडं बघताहेत. तो विझला होता तरी बघताहेत. गांधीलमाशी चावली तरी न हललेला माणूस हा.

परतीच्या वाटेवर गाडीत आमचे मालकही होते, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. चाचा पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले. हर्सूलला चाचा उतरले आणि रिक्षानं गेले, तेव्हा भाऊंनी तोंड उघडलं. "चाचांना आता घरी बसवावं म्हणतो. मानानं. शाल-बिल देऊ."

"शाल पांघरून काय करतील ते भाऊ, उन्हाळ्यात?" मी फाडकन बोलले.

"हे बघ, चिडू नको. त्यांना ऐकू येत नाय. मला शंका होती, आज खात्री झाली. पुढचं लग्न मोठ्या घरातलं आहे. तिथं असा भूकंप झाला तर मला कोण काम देईल?"

भाऊ वाईट माणूस नाही. पण मला त्या दिवशी त्यांचं तोंड बघवत नव्हतं. डीजेच्या स्पीकरच्या भिंतीसमोर वर्षानुवर्षं मचाण कुणी बांधलं? कान काय आपोआप गेले?

दुसऱ्या दिवशी मी रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. चाचा टीव्हीसमोर बसलेले, क्रिकेट चालू, आवाज पूर्ण बंद. मी तीनदा हाक मारली. चाची स्वयंपाकघरातून आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "कायकू गला सुखाती बेटी? कूकर की सीटी नै सुनते ये. दो बरस हो गए. मैं चिल्ला-चिल्ला के बोलती, गली सुनती, ये नै सुनते."

चाचांनी मला बघितलं आणि सावरून बसले. मी समोर जाऊन बसले. ओठांकडं बघून त्यांना थोडं कळत होतं.

"का सांगितलं नाही चाचा?"

"बता के क्या करता?" त्यांचा आवाज उगाच मोठा झाला होता, स्वतःचा अंदाज नव्हता. "डॉक्टर को दिखाया. मशीन दिया. हेडफोन के नीचे लगाया तो सीटी मारता. काढून ठेवला." मग मराठीत म्हणाले, शिकवायचं नाहीतर गंभीर काही बोलायचं असलं की ते मराठीत बोलायचे, "कानात गुणगुण झाली काल. वाटलं, तू काहीतरी विचारलंस. मी उत्तर दिलं नाही म्हणून परत विचारतेस. भ्यालो गं. घाईनं हो म्हणून टाकलं."

चाची पदराआड नाक ओढत होती. चाचा पुढं म्हणाले, "बेटी, भाऊ बरोबर आहे. पण दोन नंबर गेला तर मी बघू काय? ही भिंत?"

बस, तिथंच मी ठरवलं. म्हटलं, गेली शाल खड्ड्यात.

चाचांना ऐकू येतं म्हणून भाऊंशी दोन दिवस भांडले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ठीक आहे बाई. बीड बायपासच्या त्या मोठ्या लग्नाला मी स्वतः तुझ्या पाठीमागं उभा राहणार. दोन नंबरला एक जरी गोष्ट ऐकू आली नाही, तर तिथल्या तिथं मचाणावरून उतरवणार. मग रडायचं नाय."

तो आठवडाभर आम्ही दोघं गोडाऊनमध्ये. कॅमेरा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून. कान नाहीत तर नाहीत, डोळे आहेत ना? त्यांच्या कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा माझ्या हातात होता. बटण दोनदा टिचकावलं की जवळ जा. लांब दाबून ठेवलं की मोठा शॉट कर. एक लहान, एक लांब, म्हणजे डावीकडं. उलट म्हणजे उजवीकडं. चाचा पहिल्या दिवशी चिडले, "ये क्या, मैं सिग्नल पे की रिक्षा हूँ क्या?" तिसऱ्या दिवशी हात बसला. माझ्या बोटाआधी त्यांचा कॅमेरा फिरायला लागला.

लग्नाच्या दिवशी चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. उंच माणूस शोधायला गेले नाहीत. सरळ मचाणावर चढले. मी खालून बघितलं, तर पाण्याची बाटलीही वर न्यायची विसरले होते. भाऊ खरंच येऊन पाठीशी उभे राहिले, हाताची घडी घालून.

सुरुवात झकास झाली. भाऊ म्हणायचे, "दोनला सांग, नवरदेव जवळून." मी तोंडानं "चाचा, जवळून" म्हणायचे आणि खाली बोट टिचकावायचे. चित्र जवळ. "मोठा कर." मोठा. "बोटांची काय चुळबुळ लावलीस गं?" भाऊंनी विचारलं. म्हटलं, "सवय आहे, घाबरले की होतं." घाबरले होते, तेवढं खरंच होतं.

मंगलाष्टकं शेवटाला आली. अंतरपाटाच्या अलीकडं नवरी, हातात हार. आणि भाऊ एकदम माझ्या कानाशी ओरडले, "अगं, आजी राहिली! नवरीच्या बापानं चार वेळा सांगितलंय, आजीला दाखवा म्हणून. पोरीला आजीनंच वाढवलंय. चाकाच्या खुर्चीत आहे, स्टेजवर चढता येत नाय. लवकर! दोनला सांग, आजी घे!"

एक नंबरला तिथवर दिसणार नव्हतं. तीन नंबर स्टेजवरच्या गर्दीत अडकलेला. राहिले चाचा. आणि आजीची खूण आम्ही ठरवलेलीच नव्हती. कोण ठरवणार? डावी-उजवीकडं सांगावं, तर आजी कुठं बसवलीय ते मलाच ठाऊक नाही. बोट बटणावर तसंच राहिलं. पाठीमागं भाऊ. मी हेडफोनचं बटण दाबलं आणि म्हटलं, "चाचा, आजी." ऐकू येणार नाही हे माहीत असून म्हटलं. दुसरं काय करणार?

दोन नंबरवर नवरीचा चेहरा होता. ती समोर बघत नव्हती. तिचे डोळे अंतरपाट सोडून, पाहुण्यांवरून, कुठंतरी लांब काहीतरी शोधत होते. दोन नंबरचं चित्र तिच्यावर क्षणभर थांबलं. मग ते हललं. तिची नजर जात होती त्या बाजूला सावकाश निघालं. फेटे गेले, करवल्या गेल्या, एक रडकं पोर गेलं, मोठा कूलर आला, आणि कूलरच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी. चित्र जरा धूसर झालं, मग लख्ख झालं. हातात अक्षता घट्ट धरलेल्या.

मी कट केलं. मोठ्या पडद्यावर आजी आली. नवरीनं पडद्याकडं बघितलं आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"सावधान" झालं. सगळ्या मंडपानं अक्षता टाकल्या. आजीनंही टाकल्या. स्टेज कुठं, ती कुठं, सगळे दाणे तिच्याच मांडीवर पडले. तिनं ते वेचले आणि पुन्हा टाकले.

"ऐकतोय की म्हातारा!" भाऊ माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. "उगाच शंका घेतली मी. राहू दे त्यांना दोन नंबरवर. पाहिजे तोवर राहू दे."

"ऐकतात ना," मी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये कुणीतरी बोलायला लागलं. चाचांचा माइक. आजीकडं वळताना धक्का लागून चालू झाला असणार, त्यांना कसं कळावं? त्यांना वाटत होतं, आपण मनातल्या मनात बोलतोय.

"डालो अम्मा, डालो. और डालो. पहुँचता, सब पहुँचता." मग, "या अल्लाह, कान ले लिया सो ले लिया. मैं कुछ बोला? नै बोला. इतना बस दिखता रहन दे."

एक आणि तीन नंबरवाल्यांच्या कानातही ते गेलं. दोघांपैकी कुणाचाच कॅमेरा हलला नाही.

"कट कर आता," भाऊ म्हणाले. त्यांच्या कानाला हेडफोन नव्हता. "लई झाली आजी. नवरा-नवरी दाखव."

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि लाल दिवा दोन नंबरवरच ठेवला.